साडेबारा चौरस मीटर

पुण्याच्या पेठांमध्ये मध्यरात्री गाड्या बाजू बदलतात. गल्लीच्या एका कडेला ‘पी-१’ अशी पाटी असते, समोरच्या कडेला ‘पी-२’. विषम तारखेला गाडी पी-१च्या बाजूला लावायची, सम तारखेला पी-२च्या. तारीख बाराला बदलते, तेव्हा गाडीही एक तर बाराला हलवायची, नाही तर सकाळी गाड्या उचलणारा टेम्पो फिरायला लागायच्या आत. ३१ दिवसांचा महिना संपताना ३१ तारीख विषम आणि पाठोपाठ येणारी १ तारीखही विषम, म्हणून त्या दोन दिवसांत गाडी जागची हलत नाही. असं वर्षातून सात वेळा होतं. लीप वर्षात २९ फेब्रुवारीमुळे आठ वेळा. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत राहणाऱ्यांना हा हिशेब पाठ असतो. लग्नाच्या खरेदीसाठी साताऱ्याहून आलेल्या कुटुंबाला तो ठाऊक असण्याचं काही कारण नाही. ते पाटीकडे बघतात, पाटीवरचा आकडा बघतात आणि जिथे चार गाड्या आधीच लागल्या आहेत तिथे पाचवी लावून लक्ष्मी रस्त्याकडे चालू लागतात.

नियम म्हणून ही रीत न्यायाची आहे. अरुंद गल्लीत दोन्हीकडे गाड्या लागल्या तर मधून रिक्षाही निघत नाही, आणि कायम एकाच बाजूला लावायच्या म्हटलं तर त्या बाजूच्या दुकानांची दारं वर्षभर झाकलेली राहणार. सम-विषममुळे अडचण दोघांत वाटली जाते. शिवाय झाडणाऱ्या बायकांना दिवसाआड एक कड मोकळी मिळते. ही वाटणी फार पैसे न खर्चता, दोन पाट्यांवर उभी आहे. दुर्दैव असं, की पुष्कळ ठिकाणी त्या पाट्याच दिसत नाहीत. कुठे झाडाची फांदी आडवी आलेली असते, कुठे वाढदिवसाचा फ्लेक्स, कुठे पाटीचा रंग उडून नुसता गोल पत्रा राहिलेला. दंड मात्र पाटी स्पष्ट दिसत असल्यासारखाच होतो.

टेम्पो येतो तेव्हा आधी ऐकू येतो. भोंग्यावरून गाडीचा नंबर पुकारला जातो, ‘एमएच बारा’ एवढं कानावर पडताच दुकानांतून माणसं धावत बाहेर येतात. कपड्यांच्या दुकानातला गिऱ्हाईक हातातली साडी तशीच टाकून पळतो, चहाच्या टपरीवरचा पोरगा ओळखीच्या गाडीवाल्याला हाक मारतो. तेवढ्यात टेम्पोवरची पोरं खाली उतरलेली असतात. एक जण हँडल धरतो, दोघे मागून धरतात, चौथा वरून खेचून घेतो. कुलूप लावलेली, गिअरमध्ये असलेली स्कूटर अर्ध्या मिनिटात वर चढते आणि आधीच्या गाड्यांना टेकून उभी राहते. आरसा वाकडा होतो, फूटरेस्ट शेजारच्या गाडीच्या पत्र्याला घासतो. मालक वेळेत पोचला तर ‘मामा, आत्ताच लावली होती’ इथून बोलणं सुरू होतं. नाही पोचला तर त्याच्यापुढे रिकामी जागा असते आणि गाडी चोरीला गेली की उचलून नेली हा प्रश्न.

यामागचा कायदा जुनाच आहे. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याचं १२२ वं कलम धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करू नका, असं सांगतं. १२७ वं कलम गणवेशातल्या पोलिसाला अशी गाडी हलवण्याचा किंवा चाकाला जॅमर लावण्याचा अधिकार देतं. दहा तासांहून जास्त बेवारस पडलेली गाडीही त्यातच येते. दंडासाठी बहुतेक वेळा १७७ वं कलम लागतं. तिथे पूर्वी पहिल्या चुकीला १०० आणि पुढच्या चुकीला ३०० रुपये होते. २०१९च्या केंद्रीय दुरुस्तीने ते ५०० आणि १,५०० झाले. महाराष्ट्राने हे वाढीव दर लागू करायला डिसेंबर २०२१ उजाडू दिला. त्यावर उचलून नेण्याचा खर्च वेगळा, त्या खर्चावर जीएसटी वेगळा. पाचशेचा दंड म्हणून गेलेला माणूस सातशे-आठशेच्या आसपास पैसे देऊन येतो, आणि दुकानात वाचवलेल्या पैशांचा हिशेब तिथेच फिटतो.

दंड पाचशे असावा की हजार, यावर शहरात वाटेल तेवढी चर्चा होते. तो कुणाला होतो, यावर फारशी होत नाही. चार पोरांना हाताने उचलता येते ती दुचाकी. मोटार उचलायला क्रेन लागते, क्रेन गल्लीत शिरत नाही, शिरली तर वळत नाही. मग मोटारीला जॅमर लावायचा. हा जॅमर अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात फ्रँक मारुग नावाच्या माणसाने बनवला. तो तिथल्या सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा आणि साचे बनवण्याचं काम करायचा. डेन्व्हरच्या पोलिसांनी १९५५ साली तो वापरात आणला. पण जॅमर लावलेली मोटार मालक येईपर्यंत तिथेच उभी राहते, म्हणजे ज्या अडथळ्यासाठी कारवाई केली तो अडथळा कारवाईमुळेच लांबतो. यातून घडतं ते असं: दोन मीटर लांबीची स्कूटर उचलली जाते आणि तिच्याच पुढे उभी असलेली पाच मीटरची मोटार, फार तर एक ऑनलाइन चलन घेऊन, संध्याकाळपर्यंत तिथेच राहते. स्कूटर कुणाची असते? दुकानातल्या नोकराची, पार्सल पोचवणाऱ्या मुलाची, क्लासला आलेल्या विद्यार्थिनीची, भाजी घ्यायला मंडईत आलेल्या बाईची. शिक्षा चुकीच्या आकारावरून ठरायला हवी. इथे ती गाडीच्या वजनावरून ठरते, तीही उलट बाजूने.

उचलण्याच्या घाईचे दोन प्रसंग महाराष्ट्राला चांगले आठवतात. नोव्हेंबर २०१७मध्ये मुंबईत मालाडला एक मोटार ओढून नेली जात होती आणि आत एक आई आपल्या तान्ह्या बाळाला पाजत होती. चित्रफीत सगळीकडे फिरली, संबंधित हवालदाराला निलंबित केलं गेलं. ऑगस्ट २०२१मध्ये पुण्यात नाना पेठेत दुचाकी उचलली गेली ती तिच्यावर बसलेल्या मालकासकट. दोन्ही वेळा लोकांचा राग त्या त्या कर्मचाऱ्यावर निघाला. रागाला कारण होतंच. पण दिवसभर उन्हात उभं राहून गाड्या उचलणाऱ्या माणसाला कुणी अशा कामाला जुंपलं आहे, हा प्रश्न त्या रागात बुडून गेला. शहराने रस्त्याच्या कडेचा विचार कधी केलाच नाही, तो सगळा विचार त्याने एका टेम्पोवर आणि चार पोरांवर सोपवला.

सोपवला म्हणण्याचं कारण आहे. गाड्या कुठे उभ्या कराव्यात हे ठरवण्याचा अधिकार कायद्याच्या ११७ व्या कलमाने राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे, स्थानिक संस्थेशी बोलून. प्रत्यक्षात वाहतूक शाखेचे उपायुक्त आदेश काढतात, अमुक चौकापासून तमुक चौकापर्यंत नो पार्किंग. आदेश आधी तात्पुरता असतो, नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात. पाटी लावायची आणि पट्टे मारायचे ते महापालिकेने. एकाचा आदेश, दुसऱ्याची पाटी, तिसऱ्या ठेकेदाराचा टेम्पो. पट्टे पुसले गेले की पोलीस महापालिकेकडे बोट दाखवतात, महापालिका निधीकडे. सामान्य माणसाला हे तीन हात वेगवेगळे दिसत नाहीत, त्याला फक्त पावती दिसते.

दंड वाढवून प्रश्न सुटेल, या समजुतीची मोठी परीक्षा मुंबईत झाली. ७ जुलै २०१९पासून महापालिकेने आपल्या २६ सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावणाऱ्यांना जबर दंड सुरू केला: दुचाकीला ५,०००पासून, मोटारीला १०,०००, अवजड वाहनांना त्याहून जास्त. यातले बरेच वाहनतळ बिल्डरांनी जादा एफएसआयच्या बदल्यात बांधून दिले होते आणि रिकामे पडत होते. दंडाच्या धाकाने ते भरतील असा अंदाज होता. पहिले काही दिवस रस्ते मोकळे दिसलेही. पण वाहनतळापासून घरापर्यंत जायला धड फुटपाथ नाही, रात्री तिथे उजेड नाही, जुन्या चाळीत राहणाऱ्याला दुसरी जागा नाही. ओरड झाली आणि दंड पुढे खाली आणावा लागला. दहा हजारांची पावती फाडायची तर ती हातात धरणाऱ्या पोलिसालाही जड होते. तो एकाला पकडतो आणि नव्याण्णवांना सोडतो. एवढा मोठा आणि एवढा क्वचित होणारा दंड शिस्त लावत नाही, तो नशिबाचा भाग होऊन बसतो.

मुळात या सगळ्यात एक गोष्ट मोजायची राहून जाते, ती म्हणजे जागा. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीत एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरलेली आहे. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे साधारण १३५ चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात तीन-तीन पिढ्या वाढल्या. आणि फेरीवाल्याची जागा? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३मध्ये मुंबईतल्या फेरीवाल्यांसाठी ज्या अटी घातल्या, त्यात प्रत्येकाला फुटपाथच्या एका कडेला एक मीटर गुणिले एक मीटर जागा दिली होती. एक चौरस मीटर. तेवढ्या जागेसाठी परवाना लागतो, शुल्क भरावं लागतं, आणि पाटी थोडी पुढे सरकली तर अतिक्रमण विभागाची गाडी माल उचलून नेते. त्याच्या शेजारी मोटार लावणारा माणूस साडेबारा फेरीवाल्यांची जागा घेतो आणि पुण्यातल्या बहुतेक रस्त्यांवर त्यासाठी एक रुपयाही देत नाही.

हा अन्याय रोज डोळ्यांसमोर असतो आणि तरी दिसत नाही, कारण रस्त्यावर गाडी लावणं हा आपला हक्कच आहे असं गाडीवाल्या माणसाला मनापासून वाटतं. घर घेताना जिना, गच्ची, मोरी सगळं बघितलं जातं. गाडी घेताना ती कुठे उभी राहील हे बघितलं जात नाही. घरासमोरचा सार्वजनिक रस्ता मग घराचाच भाग होतो. तिथे कुंड्या ठेवल्या जातात, सिमेंट भरलेल्या डब्यात रोवलेला लोखंडी दांडा उभा केला जातो, दोन खुर्च्यांना दोरी बांधली जाते. २०१८च्या सुरुवातीला पुण्यात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेली आणि शहराच्या लोकसंख्येला तिने मागे टाकलं, अशी बातमी आली. नोंदणीच्या आकड्यात भंगारात गेलेल्या काही गाड्याही राहून जातात, तेव्हा तो थोडा सावधपणे घ्यावा. पण रस्त्यांची लांबी-रुंदी त्या प्रमाणात वाढलेली नाही, हे सांगायला आकडा लागत नाही.

त्याच वर्षी, मार्च २०१८मध्ये, पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. गर्दीनुसार शहराचे भाग पाडायचे, रस्त्यावर गाडी लावण्याचे तासाप्रमाणे पैसे घ्यायचे, गर्दीच्या भागात जास्त आणि इतरत्र कमी. केंद्र सरकारच्या २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही, पार्किंगच्या शुल्कात त्या जमिनीची खरी किंमत दिसावी, असं म्हटलेलं आहे. म्हणजे पुण्याने काही अघटित मांडलं नव्हतं. विरोध झाला, आंदोलनं झाली, धोरण आधी पाच रस्त्यांपुरतं प्रायोगिक ठरलं आणि पुढे कागदावरच अडकलं. पैसे घेणं राजकीय पक्षांना अवघड वाटलं. उचलून नेणं कुणाला अवघड वाटलं नाही, कारण दंड भरणारा एकेकटा असतो आणि शुल्क भरणारे सगळे मिळून असतात.

दुकानदारांचा विरोध मोठा होता. गिऱ्हाईक तुटेल ही त्यांची भीती. इतिहासात मात्र याच्या नेमकं उलट घडलेलं आहे. जगातला पहिला पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसवला गेला, आणि तो दुकानदारांच्या तक्रारीवरून बसवला गेला. कचेऱ्यांत काम करणारी माणसं सकाळी दुकानांसमोर गाड्या लावून संध्याकाळी नेत. गिऱ्हाइकाला जागाच मिळत नसे. व्यापारी मंडळाच्या वाहतूक समितीवर असलेल्या कार्ल मॅगी या संपादकाने नाणं टाकून चालणारं यंत्र सुचवलं. तासाला पाच सेंट. दिवसभर बसणाऱ्या गाड्या निघून गेल्या आणि खरेदीला येणाऱ्यांना जागा मिळू लागली. लक्ष्मी रस्त्यावर सकाळी अकरा वाजता दुकानांसमोर लागलेल्या गाड्या गिऱ्हाइकांच्या किती आणि दुकानांच्या मालक-नोकरांच्या किती, हे एकदा व्यापाऱ्यांनीच मोजून बघावं.

शुल्क किती घ्यावं यावर सगळ्यात जास्त विचार कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड शूप या प्राध्यापकाने केला. २००५ साली आलेल्या त्याच्या जाडजूड पुस्तकाचं नावच ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’. फुकट जागेची किंमत गाडी नसलेली माणसंही भरतात, हे त्याचं म्हणणं. फेब्रुवारी २०२५मध्ये तो गेला, तोवर तो ते सांगत राहिला. त्याच्या विचारावर सॅन फ्रान्सिस्कोने २०११पासून एक प्रयोग केला. प्रत्येक रस्त्याचा दर वेगळा ठेवायचा, जिथे जागा कायम भरलेली तिथे थोडा वाढवायचा, जिथे रिकामी तिथे उतरवायचा. अनेकांना वाटलं होतं, दर नुसते वाढतच जातील. प्रत्यक्षात सरासरी दर किंचित खाली आला, आणि दंडाच्या पावत्याही कमी झाल्या. जागा मिळू लागली की माणसं नो पार्किंगमध्ये गाडी लावत नाहीत. पुण्यात टेम्पोची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष वाचायला हवा.

पैसे घ्यायचे ठरलं तर ते कुणाच्या हाती जाणार, ही शंका पुणेकर लगेच काढतो आणि ती रास्त आहे. शिकागोने २००८च्या शेवटी आपले सुमारे ३६ हजार मीटर ७५ वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीला दिले, एक अब्ज डॉलरहून थोड्या जास्त रकमेला. दर भराभर वाढले. आणि एखाद्या कारणासाठी रस्ता बंद ठेवला तर बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई शहराने कंपनीला द्यायची, अशी अट निघाली. लक्ष्मी रस्ता असा कुणाला दिला तर अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीसाठी पुणे महापालिकेला ठेकेदाराला पैसे मोजावे लागतील. तेव्हा शुल्काचा आग्रह धरताना ठेक्याच्या मुदतीवर आणि अटींवर तितकंच बारीक लक्ष हवं.

जपानने वेगळ्या टोकाने सुरुवात केली. तिथे १९६२च्या कायद्याने, गाडी ठेवायला स्वतःची किंवा भाड्याची जागा आहे असा दाखला आणल्याशिवाय मोटारीची नोंदणीच होत नाही, आणि ती जागा घरापासून ठरावीक अंतराच्या आत असावी लागते. टोकियोच्या गल्ल्या सदाशिव पेठेहून फार रुंद नाहीत, तरी रात्री त्या मोकळ्या असतात. २०२५च्या मे महिन्यात महाराष्ट्राचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी इथेही तसंच करण्याचा विचार बोलून दाखवला. विचार स्वागतार्ह आहे. पण इथल्या इमारतींत जागेचा प्रश्न आधीच बिघडलेला आहे. तळमजल्यावरचं पार्किंग बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१०मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं, तरी ती जागा कुणाला मिळाली यावरून सोसायट्यांत अजून भांडणं चालतात. व्यापारी इमारतींच्या नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेल्या जागेत गोदाम असतं, हॉटेलच्या फ्रंट मार्जिनमध्ये टेबलं मांडलेली असतात, आणि त्या हॉटेलात आलेल्यांच्या गाड्या बाहेर रस्त्यावर. खोटा दाखला मिळवणं आपल्याकडे अवघड नाही. नकाशातली ती जागा आधी मोकळी करून घेतली तर दाखल्याला अर्थ येईल, आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. वाडा बांधला तेव्हा मोटार नव्हती. तिथल्या रहिवाशाला माफक दराचा वार्षिक परवाना आणि एका घराला एकच गाडी, अशी सवलत देता येते. मंडईजवळ मिनर्वा आणि आर्यन हे वाहनतळ आहेत, तिथले रात्रीचे दर रहिवाशांसाठी वेगळे ठेवता येतात. दुचाकींसाठी रस्त्यावर वेगळे पट्टे, ठळक आणि पुरेसे, मारणं तर उद्यापासून शक्य आहे. एका मोटारीच्या जागेत सहा स्कूटर सहज मावतात, आणि जागा दिल्यावरच ती चुकवणाऱ्याला दंड करण्याचा नैतिक अधिकार शहराला मिळतो.

लोकांचा विश्वास बसेल असा एक नमुना कॅलिफोर्नियातल्याच पासाडेना गावात आहे. तिथला जुना बाजार मोडकळीला आला होता आणि व्यापाऱ्यांना मीटर नको होते. १९९३ साली महापालिकेने त्यांना कबूल केलं, की मीटरचा पैसा याच बाजारातल्या फुटपाथांवर, दिव्यांवर, झाडांवर आणि सफाईवर खर्च होईल. विरोध मावळला, मीटर बसले आणि बाजार पुन्हा उभा राहिला. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ला पादचारी दिनाच्या निमित्ताने लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद ठेवला, तेव्हा म्हातारी माणसं आणि लहान मुलं रस्त्याच्या मधून चालली आणि दुकानंही उघडी होती. त्या रस्त्यावरच्या व्यापाऱ्यांसमोर पासाडेनासारखा लेखी करार ठेवता येईल: इथे जमलेला प्रत्येक रुपया इथल्याच फुटपाथवर, इथल्याच स्वच्छतागृहांवर, आणि जमाखर्च दर महिन्याला रस्त्यावरच्या फलकावर. महापालिकेच्या पथ विभागाने असा कराराचा मसुदा करून व्यापारी संघटनेकडे पाठवावा आणि वाहतूक शाखेलाही त्याच बैठकीला बोलवावं.